कढीपत्त्यावरची अळी

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात अंगण नसले तरी गच्चीवर कढीपत्त्याची कुंडी मावतेच. लिंबू फुलपाखरू तिच्या कोवळ्या पानांवर एकेक पिवळसर अंडे घालते. कारण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. काडीने हळूच स्पर्श करून पाहा. डोक्यामागून दुबेळक्यासारखे तांबूस शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो!

पाने कुरतडलेली पाहून आई रागावेल. तिच्या फोडणीसाठी दुसरी कुंडी लावा, पण औषध फवारू नका. मध अनेक फुलांत मिळतो, अळीला मात्र ठरावीकच पाने चालतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात. कोश झाला की रोज पाहा आणि फुलपाखरू बाहेर पडल्याची तारीख वहीत लिहा.