विश्वस्तपदी रुग्ण

प्रश्न : पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या न्यासावर रुग्णालाच मानद विश्वस्त नेमता येते का?

उत्तर : न्यासपत्रात मनाई नसेल, तर केवळ निदानामुळे कोणी अपात्र ठरत नाही, मात्र मानद, म्हणजे विनावेतन, विश्वस्तावरही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 ची जबाबदारी पूर्ण असते, आणि नेमणुकीचा बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. खरी अडचण सहीची असते : या आजारात अक्षर बारीक होत जाते, सही जुळत नाही आणि बँक धनादेश परत पाठवते, म्हणून तिघा विश्वस्तांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीचा ठराव आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. सभाही लेव्होडोपाचा, म्हणजे हालचाल सुकर करणाऱ्या औषधाचा, परिणाम टिकून असतानाच घ्यावी. सायंकाळची वेळ बहुधा निरोगी विश्वस्तांच्याच सोयीची असते.