अडलेला शब्द

कादंबरी हाती घेतली. दोन पाने वाचली. मग एक अनोळखी शब्द आडवा आला. पुष्कळ जण इथंच पुस्तक मिटतात. “हे आपल्यासाठी नाही,” म्हणतात. पण वखराला धोंडा लागला म्हणून आपण वावर सोडतो काय? वखर उचलतो, पुढे टाकतो.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली निघाली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो. गावकरी मिळून ‘तालीम’ बांधतात. तालीम म्हणजे काय? आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तिथल्या ‘नई तालीम’चं नाव आपण ऐकतो. ती तालीम म्हणजे शिक्षण. मग वाडीत दुसरी शाळा बांधली काय? नाही. ही तालीम म्हणजे कसरत-कुस्तीची जागा. आपण तिला आखाडा म्हणतो. शब्द एक, अर्थ दोन. कोणता घ्यायचा, ते आजूबाजूची वाक्ये सांगतात.

शब्द अडला तर असे करावे :

१. मागचे-पुढचे वाक्य पुन्हा वाचावे. अंदाज बांधून पुढे जावे.
२. शब्द वहीत लिहून ठेवावा.
३. तो पुन्हा पुन्हा आला, तर जाणत्याला विचारावे किंवा शब्दकोश पाहावा. तिथे अनेक अर्थ दिसतील. वाक्यात बसेल तो घ्यावा.
४. नवा शब्द बोलण्यात वापरावा. वापरलेला शब्द विसरत नाही.

शब्द अडला म्हणून लाजू नये. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या १९६० सालच्या कादंबरीत माणसं वऱ्हाडी बोलतात. तिथं पुण्याचा शिकलेला वाचकही अडतो. आपण अडत नाही!

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कादंबरीत अंदाज चुकला तर नुकसान होत नाही. कर्जाच्या कागदावर होते. ‘तारण’ शब्द वाचून वाटेल, हे आपल्याला तारणारे काही असेल. तसे नाही. कर्जासाठी अडकवून ठेवलेली वस्तू किंवा जमीन म्हणजे तारण. वावर तारण दिले आणि कर्ज थकले, तर ते विकून पैसे वसूल होऊ शकतात. म्हणून असा शब्द अडला की तिथंच थांबावे. विचारावे. अर्थ कळल्यावाचून सही करू नये.

कथा वाचताना पुढे चला. सही करताना थांबा.

अभ्यास : आज वाचताना अडलेले तीन शब्द वहीत लिहा. प्रत्येकाचे एक वाक्य करा.