विरलेल्या कपड्याला वेळीच ठिगळ

‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार?’ असे आपण म्हणतो. पण घरातले कपडे आभाळासारखे एकाएकी फाटत नाहीत. आधी कापड विरते, मग एखादा धागा तुटतो आणि शेवटी भोक पडते. विरण्यापासून भोक पडेपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो.

आमच्या घरी मुलाची शाळेची पँट गुडघ्यावर विरली होती. ‘बघू पुढच्या आठवड्यात,’ असे आम्ही म्हणालो. दोनदा धुतल्यावर तिथे हात जाईल एवढे भोक पडले आणि पँट टाकून द्यावी लागली. दुसऱ्या पँटला मात्र वेळीच ठिगळ लावले. ‘पण ते दिसेल ना!’ म्हणून मुलगा दोन दिवस कुरकुरला. मग खेळायला लागला आणि विसरला. ठिगळ वर्षभर टिकले.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू येशूने ठिगळाचे उदाहरण दिले आहे. त्यातला बोध मोठा आहे; पण त्यामागचा व्यवहार शिवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतो. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतीच्या विरलेल्या कापडाला ओढून आणखी फाडते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवूया :

१. कपडा उजेडासमोर धरा. कोपर, गुडघे, बगल, कॉलर आणि पँटची बैठक येथे विरलेला भाग लगेच दिसतो.

२. फाटलेला कपडा धुण्याआधी शिवा. धुताना भोक वाढते.

३. ठिगळासाठी धुतलेले, तेवढ्याच जाडीचे कापड घ्या. बनियन किंवा टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कपड्याला तसेच ताणणारे कापड हवे.

४. ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे मोठे कापा. कोपरे गोल ठेवा, म्हणजे ते उसवत नाहीत. ते आतून लावा.

५. आता सुती दोऱ्याने ओळीने धावदोरा घाला. टाके चांगल्या कापडापर्यंत न्या. प्रत्येक ओळ संपली की वळताना दोरा किंचित सैल सोडा, नाहीतर कापड चुरगळते.

दोरा वेगळ्या रंगाचा असला तरी चालेल. जपानमध्ये शेतकरी आणि कोळी कुटुंबे निळ्या कपड्यांवर पांढऱ्या दोऱ्याने असाच धावदोरा घालीत. या कामाला ‘साशिको’ म्हणतात आणि आज लोक ते हौसेने शिकतात. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी याच टाक्याने शिवली. गोधडीतले टाके लपवावेत, असे तिला कधी वाटले नाही.

न दिसणारे रफू कसबी हातांचे काम आहे. दिसणारे ठिगळ मात्र आपल्यापैकी कोणीही, पुरुष आणि मुलेदेखील, लावू शकतो. ठिगळाची लाज वाटते म्हणूनच आपण उशीर करतो आणि तेवढ्यात कपडा हातचा जातो.

या आठवड्यात कपाटातला एक तरी विरलेला कपडा बाहेर काढूया. मुलांना शेजारी बसवून सुईत दोरा ओवायला त्यांनाच सांगूया.