जुना मोबाइल परत करताना : शरीअतची शिकवण आणि ग्राहकाचा हक्क

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी अरबस्तानच्या बाजारात जनावर विकताना काही लोक एक युक्ती योजत. उंटीण किंवा शेळीची धार दोन-तीन दिवस न काढता कास बांधून ठेवत. कास तटतटून भरे आणि जनावर भरपूर दुधाचे आहे असे गिऱ्हाइकाला वाटे. प्रेषितांनी (स.) या प्रकाराला मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत येते की, असे जनावर घेणाऱ्याने धार काढून पाहिल्यावर ते हवे तर ठेवावे, नको तर परत करावे. मात्र परत करताना सोबत एक साअ खजूर द्यावेत. परतीच्या आणि खजुरांच्या तपशिलाविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. परंतु फसवणूक हराम आहे याविषयी कोणताही मतभेद नाही. या शिकवणीला दोन बाजू आहेत. विकणाऱ्याने दोष झाकू नये आणि परत करणाऱ्याने आपण घेतलेल्या लाभाचा हिशेब विसरू नये.

आज ती कास बांधलेली शेळी जुन्या मोबाइलच्या रूपाने आपल्या घरी येते. पडद्यावरील छायाचित्रात फोन चकचकीत दिसतो. आत बॅटरी दमलेली असते, पडदा बदललेला असतो, क्वचित फोनच चोरीचा असतो. लातूर व नांदेड येथे शिकवणीसाठी आलेल्या मुलामुलींना मुखेड, कंधार, औसा, निलंगा यांसारख्या तालुक्यांतील पालक असा फोन घेऊन देतात. सोयाबीनच्या किंवा मजुरीच्या पैशातून बाजूला काढलेले आठ-दहा हजार रुपये त्या घरासाठी लहान रक्कम नसते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

फिकहची भूमिका

हनफी फिकहनुसार न पाहिलेली वस्तू खरेदी करता येते. पण ती प्रत्यक्ष पाहिल्यावर ठेवण्याचा वा नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो. त्याला ‘खियार-ए-रुयत’ म्हणतात. दुसरा अधिकार ‘खियार-ए-ऐब’ हा होय. वस्तू ताब्यात येण्यापूर्वीच तिच्यात दोष होता आणि घेताना खरेदीदाराला तो ठाऊक नव्हता, तर तो वस्तू परत करू शकतो. मात्र दोष कळल्यानंतरही संमती दर्शवील अशा रीतीने वस्तू वापरत राहिल्यास हा अधिकार संपतो. खरेदीदाराच्या हातून नवा दोष निर्माण झाल्यास विक्रेत्यावर परतीची सक्ती करता येत नाही. जुन्या दोषामुळे किमतीत जेवढी घट होते तेवढी भरपाई मागता येते.

हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि इब्ने माजा यांनी नोंदविलेल्या हदीसचा आशय असा की, दोष सांगितल्याविना सदोष वस्तू आपल्या बांधवाला विकणे मुसलमानाला हलाल नाही. ‘जसा आहे तसा’ या अटीवर फिकहमध्ये चर्चा आहे. पण माहीत असलेला दोष दडविण्याचे पाप त्या अटीने धुऊन निघत नाही. इमाम अबू हनीफा (रहे.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराकडून एक सदोष कापड दोष न सांगता विकले गेले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी किंमत सदका करून टाकली, असे चरित्रग्रंथांत येते.

देशाचा कायदा

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत वर्णिल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घेण्यास नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. फोन निर्दोष आहे, केवळ मन बदलले, तर कायदा परतीचा सरसकट हक्क देत नाही. त्या कंपनीचे परतीचे धोरण पाहावे लागते. तसेच एखाद्या व्यक्तीने व्यवसाय म्हणून नव्हे, तर स्वतःचा वापरलेला फोन विकला असेल, तर ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. अशा व्यवहारात पैसे देण्यापूर्वी फोन हातात घेऊन तपासणे हेच खरे संरक्षण होय.

प्रत्यक्ष काय करावे?

पार्सल उघडताना अखंड चित्रफीत काढावी. फोनवर *#06# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो बिलाशी ताडावा. ‘केवायएम’ लिहून, मोकळी जागा सोडून हा पंधरा अंकी क्रमांक 14422 वर पाठविल्यास फोनची माहिती मिळते. दोष दिसताच वापर थांबवावा आणि लेखी तक्रार करावी. आधी गल्लीतील दुकानात फोन उघडून घेऊ नये. त्याने फिकहमधील हक्कही दुबळा होतो आणि कायद्यातील पुरावाही. परत पाठविण्यापूर्वी सिम, मेमरी कार्ड व आपली खाती काढून घ्यावीत. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे. तीच आयत खरेदी-विक्रीच्या वेळी साक्षीदार ठेवण्यासही सांगते. बिल व संदेश जपून ठेवणे त्याच शिस्तीला धरून आहे.

कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असो वा दिल्लीत, तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तो दाद मागू शकतो. म्हणजे कंधारच्या ग्राहकाला नांदेड आणि निलंग्याच्या ग्राहकाला लातूर पुरेसे आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. वकील नेमणेही सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल, तर विलंब न करता 1930 वर कळवावे.

परत करणाऱ्याची अमानत

हक्क मागणाऱ्याचे हातही स्वच्छ असले पाहिजेत. फोन आपल्या हातून पडला आणि ‘असाच आला’ म्हणून परत केला. लग्नात छायाचित्रे काढण्यापुरता मागवून मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत धाडला. चांगली बॅटरी काढून जुनी बसविली – समोर दुकानदार नसून मोठी कंपनी आहे म्हणून ही कृत्ये हलाल होत नाहीत. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी, स्वतः घेताना माप पुरेपूर घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. आपल्या हक्काच्या वेळी कायदा आठवणारा आणि दुसऱ्याच्या हक्काच्या वेळी तो विसरणारा मनुष्य त्याच मापाने मोजतो.

आपल्यातील अनेक तरुणांचा चरितार्थ मोबाइल दुरुस्ती व विक्रीवर चालतो. त्यांनी बिलावर एक ओळ अवश्य लिहावी : कोणता भाग बदलला आहे आणि कोणता दोष आहे. चोरीचा संशय असलेला फोन घेऊच नये. आणि गिऱ्हाईक पश्चात्ताप होऊन परत आले, तर शक्य तेथे सौदा मोडून घ्यावा. यालाच ‘इकाला’ म्हणतात. जो असे करील त्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसमध्ये आहे. खरे बोलून दोष उघड करणाऱ्या दोघांच्या सौद्यात बरकत असते आणि लपवाछपवीने ती पुसली जाते, हेही प्रेषितांनी (स.) सांगून ठेवले आहे.

अल्लाह आपल्या घेण्यात आणि देण्यात सचोटी देवो. आमीन.