पहिली फिल्म जपून ठेवा

फोन डाव्या कानाला लावला की आवाज ऐकू यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. रात्री त्याच कानात किर्र वाजायचं. वयाचा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांना सारखाच येतो. एकाच कानाची तक्रार असेल तर ऑडिओमेट्री करावी, आणि दोन कानांत ठळक फरक निघाला तर एमआरआय. माझा निघाला. रिपोर्टमध्ये अकूस्टिक न्यूरोमा.

ही गाठ तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणात होते. ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नस तिला खेटूनच असतात. ‘कॅन्सर नाही ना, मग झालं!’ म्हणत घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साधी गाठ अंगभर पसरत नाही, हे खरंच. पण कवटीत जागा मोजकी. गाठ मोठी झाली तर मेंदूच्या देठावर दाब येतो, मेंदूत पाणी साठू शकतं.

म्हणून लगेच ऑपरेशनला धावावं असंही नाही. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी 2006 साली साडेपाचशे रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. कानाच्या हाडातल्या नळीतच असलेल्या गाठींपैकी 17 टक्केच बाहेर वाढल्या, आधीच बाहेर आलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के वाढल्या, आणि वाढल्या त्या बहुतेक पहिल्या पाच वर्षांत. मलाही दरवर्षी एमआरआय करून लक्ष ठेवायला सांगितलं.

घोळ झाला तो इथेच. सोयीप्रमाणे सेंटर बदलत गेलं आणि दर रिपोर्टमध्ये तेच वाक्य: ‘मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही.’ मागील म्हणजे गेल्या वर्षीची! मिलिमीटरभराची वाढ मोजणीतल्या फरकात सहज लपते. पुढे एका न्यूरोसर्जननी कपाटावरचं जुनं पाकीट मागवलं, पहिली आणि ताजी फिल्म शेजारी शेजारी लावून मोजलं. गाठ चांगलीच वाढली होती. रिपोर्ट एकेकटे बघितले तर एकही चुकीचा नव्हता, हे विशेष.

तेव्हा शक्यतो एकाच सेंटरला, त्याच पद्धतीने एमआरआय करा आणि तुलना पहिल्या फिल्मशीही करा, असं तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. सोबत ऑडिओमेट्रीही करा. गाठ जागची हलली नाही तरी ऐकणं कमी होऊ शकतं.

मी गामा नाइफ हा किरणोपचार घेतला. त्याने गाठ नाहीशी होत नाही, वाढ थांबावी एवढाच हेतू. पहिल्या काही महिन्यांत ती उलट फुगलेली दिसू शकते. तेवढ्यावरून उपचार फसला असं ठरवू नका. गाठ मोठी असेल तर मात्र बहुधा ऑपरेशनच, आणि त्यात चेहऱ्याच्या नसेला धोका किती, हे आधी स्पष्ट विचारून घ्या.

पहिल्या एमआरआयची सीडी सापडत नसेल तर आजच त्या सेंटरला फोन करा. जुना डेटा तिथे कायम ठेवतीलच असं नाही.