ग्राइंडरच्या चाकाची धूळ

हंगामाच्या तोंडाशी रिठदसारख्या गावातील एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात डोकावून पाहा. वखराच्या पासेला, विळ्याला धार लागत असते आणि ग्राइंडरमधून ठिणग्यांचा फवारा उडत असतो. ठिणग्या लोखंडाच्या, हे तुम्ही जाणता. पण लोखंडाबरोबर चाकही झिजतेच. त्याची धूळ कशाची?

लोखंडासाठी वापरतात ते करडे वा तपकिरी चाक बहुधा अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडच्या भुकटीचे असते. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून हा कृत्रिम कुरुविंद तयार करतात. माणिक आणि नीलम हीदेखील मुळात याच संयुगाची रूपे. मोहच्या मापाने हिऱ्याचे काठिण्य 10, तर याचे 9!

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. अ‍ॅल्युमिनिअम धातूची बारीक भुकटी पेट घेते. ती हवेत पसरली असता स्फोटही होऊ शकतो. अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड म्हणजे त्या धातूची जणू राखच. ती आधीच जळलेली असल्याने पुन्हा पेटत नाही, पाण्यात विरघळत नाही, तीव्र विषारीही नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. खरा धोका कणांच्या आकारात आहे.

जाड कण नाकातच अडतात. 4-5 मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. असा 1 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली उतरायला सुमारे अडीच-तीन तास घेतो. म्हणजे ग्राइंडर बंद करून मिस्त्री तेथेच डबा उघडतो, तेव्हाही धूळ त्याच्या नाकासमोर असतेच! अमेरिकेच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत अशी सूक्ष्म धूळ एका घनमीटर हवेत सरासरी 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये.

ही भुकटी निरुपद्रवी समजण्याची किंमत कॅनडात मोजली गेली. ऑन्टॅरिओ प्रांतातील अनेक खाणींत 1943 ते 1979 या काळात कामगारांना पाळीपूर्वी अ‍ॅल्युमिनिअमची काळी भुकटी मुद्दाम हुंगवत. तिच्यात बहुतांश ऑक्साइडच होते. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस तिने टळेल, अशी समजूत होती. ती कधीच सिद्ध झाली नाही. उलट, पुढे या कामगारांत कंपवाताचे प्रमाण अधिक आढळले आणि 2022 मध्ये प्रांताच्या सरकारने माफी मागितली. चाकाची धूळ म्हणजे तीच भुकटी नव्हे, हे खरे. पण कोणतीही सूक्ष्म धूळ छातीत भरून घेण्याजोगी नसते.

मग करावे काय? तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड कचरा अडवतो, सूक्ष्म कण नाही. त्यासाठी धुळीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. डोळ्यांवर चष्मा आणि चाकावर लोखंडी झाकण हवेच. ग्राइंडर मोकळ्या हवेत ठेवावा, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, तर वारा बाजूने वाहील असे उभे राहावे. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल व कपडे फुंकण्याची पद्धत सर्वांत वाईट. बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसणे बरे.

आणि लोखंडाच्या चाकावर अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा कधीही घासू नये. मऊ धातू चाकात भरून ते तापते, फुटू शकते. शिवाय अ‍ॅल्युमिनिअमची धूळ व लोखंडाचा गंज एकत्र साचल्यावर एखादी ठिणगीही पुरते. रेल्वेचे रूळ सांधण्यासाठी याच जोडीची उष्णता वापरतात!