चरबीची पेशी कशी घडते?

डुकराची नवजात पिल्ले एकमेकांना बिलगून, एकावर एक रचल्यासारखी झोपलेली तुम्ही पाहिली असतील. ही त्यांची थंडीशी चाललेली झुंज असते. जन्मतः पिल्लाच्या शरीरात चरबी जेमतेम १ ते २ टक्के असते. मात्र पुढे काही महिन्यांतच त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर जमतो. ही चरबी येते कोठून?

‘खाल्लेल्या अन्नातून,’ असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. धान्य साठवायचे तर आधी कणगी हवी. शरीरातील चरबीची कणगी म्हणजे मेदपेशी. ती तयार होते पूर्वमेदपेशीपासून. ही पूर्वमेदपेशी लांबट असते आणि तिच्यात चरबीचा साठा नसतो.

शास्त्रज्ञ पिल्लाच्या पाठीवरील चरबीचा तुकडा घेऊन त्यातील पेशी विकराच्या साहाय्याने सुट्या करतात. हे मिश्रण यंत्रात वेगाने फिरवले, की चरबीने भरलेल्या हलक्या पेशी वर तरंगतात आणि पूर्वमेदपेशी तळाशी बसतात. या तळच्या पेशी काचेच्या बशीत पोषक द्रवात वाढवतात. त्यात इन्सुलिनसारखी संप्रेरके मिसळली, की काही दिवसांत पेशी गोलसर होतात आणि त्यांत चरबीचे थेंब दिसू लागतात. तांबडा रंग टाकला, की हे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात.

या काळात पेशीच्या आत काय घडते? शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. पण प्रत्येक पेशीत त्यातील काहीच जनुके कार्यरत असतात. कार्यरत जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपात निघते व तिच्यावरून प्रथिन बनते. म्हणून रोज थोड्या पेशी काढून हा आरएनए मोजला, की कोणते जनुक केव्हा जागे झाले ते कळते.

प्रथम सी/ईबीपी-बीटा हे जनुक जागे होते. त्याचे प्रथिन पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा या दोन जनुकांना जागवते. ही दोघे एकमेकांना जागे ठेवतात. त्यामुळे पेशी सहसा मागे फिरत नाही. त्यांच्या हुकमाने मग कामकरी जनुके पुढे येतात. एक रक्तातील चरबीचे विघटन करणारे विकर बनवते, दुसरे मेदाम्ले वाहून नेणारे प्रथिन, तर तिसरे थेंबाभोवतीचे आवरण. थोडक्यात, आधी मुकादम आणि मग मजूर! हा क्रम प्रथम उंदराच्या पेशींत उलगडला. डुकराच्या पेशींतही हीच प्रमुख जनुके काम करताना आढळतात.

मुकादमाचे सामर्थ्य १९९४ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या साध्या संयोजी पेशींत पीपीएआर-गॅमा कार्यरत केले, तेव्हा त्या पेशी मेदपेशी बनल्या.

आता पुन्हा कुडकुडणाऱ्या पिल्लाकडे वळू. मानवी बाळाच्या अंगात तपकिरी चरबी असते. तिच्यातील यूसीपी-१ हे प्रथिन अन्नातील ऊर्जेचे थेट उष्णतेत रूपांतर करते. डुकरात मात्र या प्रथिनाचे जनुक मोडलेले आहे. त्याचा काही भाग सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी गळून पडला, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. पिल्लाची मुकादम जनुके शाबूत असतात; मेदपेशीही घडतात. पण ऊब देणारा मजूरच नसतो! त्यामुळे पिल्लाला थरथरून ऊब मिळवावी लागते आणि थंडीने अनेक पिल्ले दगावतात. म्हणूनच डुकरे पाळणारे पिल्लांजवळ दिवा लावतात.

चीनमधील शास्त्रज्ञांनी उंदराचे यूसीपी-१ जनुक डुकराच्या जनुकसंचात घातले. २०१७ मध्ये त्यांनी अशा १२ पिल्लांची माहिती प्रसिद्ध केली. ही पिल्ले थंडीत अंगाची ऊब अधिक चांगली टिकवत आणि त्यांच्यात चरबीही कमी होती.

एका जनुकाच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो. मग विचार करा : आपल्या मेंदूच्या पेशींतही पीपीएआर-गॅमाचे जनुक आहे. तरी तेथे चरबीच्या कणग्या का उभ्या राहत नाहीत?